ठोकून बघताना

मे सरत आला की होड्या वर घेतात
सर्जेकोटच्या पुळणीवर, ओंडक्यांवरून घसटत,
आणि मी हातोडी घेऊन बसतो त्यांच्या पोटाखाली.
फळी फळी ठोकायची. ऐकायचं.
चांगलं लाकूड टणक बोलतं.
कीड शिरलेलं बद्द वाजतं,
वरचा रंग कितीही ताजा असो.
कोणीतरी दरवर्षी विचारतंच,
"गळणा नाय, मगे कित्याक ठोकतंस?"
गळायला लागली की माझ्याकडे नको येऊस, मी म्हणतो,
जळणाच्या वखारीत जा.

हे झालं लाकडाचं.
स्वतःच्या पोटाला हातोडी लावायची अक्कल
बावन्नाव्या वर्षापर्यंत मला नव्हती.

सुलक्षणा खोबरेकर, आमची आशाताई,
उन्हाची छत्री मिटत पडवीत आली,
पाटावर बोटाएवढी नळी ठेवली, हिरव्या झाकणाची.
आत काडी. काय करायचं ते तिनं
माझ्याकडे न बघता सांगितलं,
भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलल्यासारखं.
"डोळ्यांक दिसणा नाय तां रगात हेच्यात कळता."
मी मान हलवली
आणि नळी खिळ्यांच्या डब्यामागे सारली.
आठ दिवस ती तिथेच.
रंधा घेताना दिसायची. वाकस घेताना दिसायची.
लवूदादा दिसायचा.

दादाला काळं व्हायला लागलं तेव्हा तो हसला होता:
काल माकुलं खाल्ली, शाई उतरली.
मग महिनाभर बाजारात माकुलं नव्हती.
शाई उतरतच होती.
कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला,
तरी म्हणे ऊन बाधलंय.
कुड्याच्या सालीचा काढा झाला, नारळ ठेवून झाला.
बांबोळीला नेला तेव्हा
त्यांनी पोट उघडलं, बघितलं, तसंच शिवलं.
होडीला आम्ही असं कधी करत नाही.

नवव्या दिवशी, पहाटे, कोणी उठायच्या आत,
मी डबा सरकवला.

मग कागद आला, मग ओरोसची तारीख.
आदल्या रात्री ते औषधाचं पाणी, दोन लिटर,
खाडीत लिंबू पिळल्यासारखं.
बायको मोजत होती. चौदा.
"आता खंयच्या बंदराक?" अंधारातून विचारायची,
आणि हसू दाबायची, आणि भीतीही.

डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला.
माझ्याच आतली वाट, ओली, गुलाबी,
आणि एका वळणावर, देठाला धरून,
करवंदाएवढं काहीतरी. निवांत.
"अजून कॅन्सर नाही वाटत," त्या म्हणाल्या,
"पण पाच-सात वर्षं असंच राहिलं असतं तर..."
तारेचा फास देठाभोवती आवळला.
दुखलं नाही.
त्याचीच मला अजून धास्ती वाटते:
ते कधीच दुखलं नव्हतं.

तुकडा तपासून आला. तीन वर्षांनी परत, म्हणाल्या.
आणि भावाची मुलं असतील तर
त्यांना पन्नाशीची वाट बघायला लावू नका.

वहिनीला सांगितलं तेव्हा ती सुकट निवडत होती.
निवडत राहिली.
मग म्हणाली, "ही नळी तेव्हा होती?"
मला माहीत नाही. असेल कुठेतरी.
आमच्या पडवीपर्यंत आली नव्हती.
तिनं सुपातला एक शिंपला बाजूला काढला.
"रुपेशाक सांग. तुझां ऐकता तो."

रुपेश म्हणतो, हंगाम सरू दे, काका.
सरलाय की. त्याची होडी ओंडक्यांवर आहे
आणि मी तिच्याखाली.
ही फळी टणक. ही पण. ही पण.
तो पलीकडे उभा, मोबाइल बघत.
मला त्याचे फक्त पाय दिसतात,
दादाचेच पाय, अंगठा तसाच बाहेर वळलेला.
"झाला काय?" विचारतो.
"नाय," मी म्हणतो. "खाली ये.
बस जरा."