लिफ्टर

सहा नावं लिहायची.
पाच झाली.
सहाव्या रेघेवर पेन टेकवून बसलोय
पूर्णा स्टेशनाबाहेर, मोहियोद्दीनच्या हॉटेलात.
चहानं साय धरली.

मुजीबचा उजवा गुडघा :
मागल्या साली गंगाखेडला, रात्रीच्या सामन्यात,
पळाटी मोडावी तसा वाजला.
नेटपलीकडच्या पोरांनीसुद्धा ऐकला.
नांदेडच्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरून सांगितलं,
खेळू नको असं मी म्हणत नाही,
तू काही ऐकणार नाहीस.

गंगाप्रसादचा खांदा :
तो निखळतो अन् बसतो,
जुन्या कपाटाच्या दारासारखा.
वसमतला भर सेटमध्ये
खांबाला टेकून त्यानं स्वतःच बसवला,
डोळे बाहीला पुसले
आणि पुढचा बॉल असा उचलून दिला,
माय तव्यावर भाकर टाकते तसा,
न बघता, नेमका.

लोकांना स्मॅश दिसतो.
टाळ्या त्याच्या, बक्षिसाचा फेटा त्याच्या डोक्याला.
बॉल हवेत दीड हात थांबला होता,
कुणी थांबवला, हे विचारत नाही कुणी.
माझ्या दोन्ही करंगळ्या वाकड्या आहेत.
पोरं त्याला हसतात, हसू देत.

गावात सरळ दोन पार्ट्या पडल्यात.
कटिंगच्या दुकानात मुजीब,
दूध डेअरीवर गंगाप्रसाद.
रिटायर गार्ड धुताडमल म्हणाले, मास्तर,
गाडीला दोन इंजिनं जोडता येतात,
पण शिट्टी पुढचंच मारतं.

काल मुजीब आला,
स्टेशनाच्या दादऱ्यावर पळून दाखवला.
वर, खाली, पुन्हा वर.
"देखो सर, कुछ बी नै होरा."
शेवटच्या पायरीवर बुटाची नाडी बांधायला बसला.
नाडी बांधलेलीच होती.
आज सकाळी गंगाप्रसाद.
माझ्या घरचा सिलेंडर उचलून आत ठेवला,
डाव्या हातानं.
मी काही बोललो नाही.
असलं खोटं मीही बोललोय एका मास्तरापाशी,
त्यानं ते ऐकून घेतलं होतं.

खरं सांगू का,
चांगला कोण ते मी तोलतच नाही.
उशिरा कोण मोडेल, ते तोलतोय.
पोरं मोजायची ही रीत मला पटत नाही,
दुसरी येत नाही.

मुजीब लिहिलं.
कारण विचाराल तर एवढंच :
गुडघा आधी लंगडतो, सांगून जातो.
खांदा न सांगता जातो.

कागद टेम्पोच्या काचेला चिकटवला.
गंगाप्रसादनं वाचला. दोनदा.
मग नळावर जाऊन खूप वेळ तोंड धूत बसला.
सेलूपर्यंत टेम्पोत कुणी गाणं लावलं नाही.

मैदानाला चुन्याच्या रेघा ताज्या,
मुरूम चांगला दाबलेला,
हॅलोजनभोवती किडे.
त्यानं स्वतःची नी-कॅप काढून
मुजीबच्या मांडीवर फेकली.
"दोन चढव बे."
मुजीबनं वास घेतला.
"कभी धोया बी था क्या इसको?"
सगळे हसले. मी चिठ्ठी पुन्हा घडी केली,
घडी केलेलीच होती.

आता तिसरा सेट. तेरा-तेरा.
बॉल मागं गेलाय, फार मागं.
मुजीब उलटा पळत त्याच्याखाली पोचतो,
उडतो, देतो,
काय दिला, आई शप्पथ,
आणि खाली येताना
एक हात जमिनीला टेकवतो.

तेवढाच. क्षणभर.

मी बाकाकडे बघत नाही.
मागं ट्रॅकसूटची चेन
हळूच खाली येत असल्याचा
आवाज होतो.