राजीखुशीनं

वकीलबाई माझ्या नातीच्या वयाची.
मोबाईल डब्याला टेकवून उभा केला, म्हणाली,
आजी, इकडे बघून बोला. नाव?
चांगुणा बाळाराम मढवी. राहणार घणसोली गाव.
आज वार कोणता?
बुधवार, म्हटलं. अष्टमी. भांगाचं पाणी,
खाडी आज फार वर यायची नाही.
ती हसली. एवढं नाही लागत, म्हणाली,
पण राहू दे. कळेल, तुम्ही शुद्धीत आहात.

शुद्धीत मी तेव्हाही होते.
बापाच्या भातशेतीबदली साडेबारा टक्क्यांचा भूखंड निघाला
आणि दोघे भाऊ रिक्षा घेऊन दारात आले.
पोपटी साडी, पेढ्यांचा पुडा.
कारकुनानं वर न बघता विचारलं, राजीखुशीनं ना?
मी हो म्हटलं.
अंगठ्याची शाई धुवायला त्यानं नळ दाखवला.
नळाला पाणी नव्हतं.
साडी दोनदा नेसले,
दोन्ही वेळा त्यांच्याच घरच्या लग्नात.

आता भाड्याच्या तीन खोल्या, सेक्टर नऊचा फ्लॅट,
पुतळ्यांची माळ, बँकेतल्या ठेवी.
ठेवींवर जितूचं नाव लावलंय, ते पुरे ना?
नाही आजी. नॉमिनी म्हणजे राखणदार. मालक वेगळा.
हे मला लगेच कळलं.
बाप रात्री शिलोत्र्याच्या मिठागरावर राखणीला असायचा.
खडाभर मीठ आमचं नव्हतं.

जयवंती पाणी घेऊन आली.
साक्षीला मी सही करू का, म्हणाली.
बाई टाईप करता करता बोलून गेली,
ज्याला मिळणार त्यानं साक्षीला राहायचं नसतं.
सून तांब्या धरून उभीच.
सात वर्षं रोज सकाळी माझ्या पोटात
इन्सुलिनची सुई टोचणारा तो हात,
कधी हलला नव्हता.
पाणी सांडलं.
मी म्हटलं, पूस आधी, घसरेल कोणीतरी.

साक्षीला मग खालचे कुरियन टायरवाले आले, आणि डॉक्टर.

वनिता पेणला असते. तिला जितूइतकंच.
आणखी काही?
हो. कपाटात हक्कसोडाची झेरॉक्स आहे, तीही वनितालाच.
आजी, त्याची किंमत काय लिहू?
एक साडी, म्हटलं. पोपटी.
तिची बोटं थांबली.
मग तिनं तसंच लिहिलं, आणि मला वाचून दाखवलं.

कोपरखैरण्याच्या कचेरीत आता शाई नाही.
काचेवर अंगठा ठेवायचा.
यंत्राला माझ्या रेघाच सापडेनात.
पुसा, पुन्हा ठेवा. पुसा, पुन्हा ठेवा.
जयवंतीनं पदरानं पुसून दिला,
तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला.
राजीखुशीनं ना?
मी हो म्हटलं.

जिन्यात जितूनं हळूच विचारलं,
आई, काय काय लिहिलंस?

म्हटलं, रिक्षा बघ. ऊन चढलंय.