गॅल्गेटच्या अलीकडे

एकाच रात्रीच्या सहा प्रती आहेत माझ्याकडे.
थेल्मा म्हणायची, रात्र एक आणि कपाटं दोन,
हा कुठला हिशेब?

चौऱ्याहत्तरचा नोव्हेंबर. लँकेस्टरमधलं एक नाचघर,
नाव पॅलेस, छताला बादल्या टांगलेल्या.
मंचावर टिन ॲपोजी:
दोन गिटारी, एक सॅक्सोफोन,
आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका पोरानं
विमानांच्या भंगारातून जुळवलेलं यंत्र,
जे कण्हत कण्हत वर चढायचं
आणि मग जमीन सुटायची म्हणे.

पहिली प्रत शहात्तरची. दोन तबकड्या.
मुखपृष्ठावर शनी, त्याची कडी छापखान्यात
बोटभर डावीकडे सरकलेली. ती चूक आता महाग झालीय.
मग कॅसेट. ती व्हॅनच्या काचेमागे वितळली,
आमच्या मोरकममध्ये ऊन पडलं त्या दिवशी.
मग सीडी: गाण्यांची नावं अदलाबदल,
ढोल असे वाजतात जसा कुणी बिस्किटाचा डबा बडवतोय.
मग खोका आला, जाड पुस्तिकेसकट.
त्यात अकरा मिनिटं जास्त, शिवाय तारा जुळवणं,
शिवाय एक घोषणा:
मागच्या दारात कुणाची निळी गाडी उभी आहे, ती हलवा.
पाचवीत कुणीतरी खोकतं.
सहावीत तो खोकला धुऊन काढलाय.
मला तो हवा होता.

लेलँडच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत विल्फ्रेड थ्रेलफॉलनं विचारलं होतं,
तू होतास ना रे त्या रात्री?
मी मान हलवली. तोंडात सँडविच होतं.
एवढंच. बाकीचं पुढच्या पन्नास वर्षांत झालं.
प्रत्येक नवी आवृत्ती माझ्या थापेला
एकेक वीट पुरवत गेली.
निळी गाडी मी लोकांना सांगितली. बादल्याही.
तिसऱ्या गाण्यात तार तुटते, ते तर मी
हाताने दाखवायचो, अशी, खाडकन.

तिकीट खिशात होतं, हे खरं.
बस गॅल्गेटच्या अलीकडे बंद पडली.
इंजिनाचा पट्टा तुटला आणि ड्रायव्हर शिव्या देत
टेलिफोन शोधायला गेला.
मी कुंपणाच्या भिंतीवर बसून राहिलो.
एका बाईनं अर्धा पाय दिला, गार, वर गोठलेली चरबी.
आकाशात एकही तारा नव्हता.
मेंढ्या होत्या.

परवा मार्चमध्ये, चर्चच्या हॉलमध्ये, जुन्या रेकॉर्डींचा बाजार.
सातवी आवृत्ती, एकच शिल्लक,
आणि तिच्यावर एका बाईचा हात.
ब्रायनी हॅलिवेल, गळ्यात दोरीला चष्मा.
मी होते तिथे, ती म्हणाली.
माझं काळीज लक्कन हललं.
विचारलं, ते लांबलचक गाणं, बाविसाव्या मिनिटाला
सगळं थांबतं आणि नुसतं यंत्र उरतं, ते कसं होतं?
ती विचारात पडली.
बूट आठवतात, म्हणाली. बहिणीचे, एक नंबर लहान.
शेवटची बस चुकेल म्हणून मी आधीच निघाले.
तुम्ही होता?

नाही, मी म्हणालो.

हॉलमध्ये कुणी वळूनही पाहिलं नाही.
चहाच्या टेबलावर कुणीतरी सुटे पैसे मोजत होतं.
तिनं रेकॉर्ड माझ्याकडे सरकवली.
अठ्ठावीस पौंड. मी घासाघीस केली नाही.

या आवृत्तीत ते गाणं पहिल्यांदाच सलग आहे.
पूर्वी एकोणिसाव्या मिनिटाला बाजू संपायची,
आवाज हळूहळू मंदावत जायचा, आणि उठून
तबकडी उलटावी लागायची.
आता एवढी गुळगुळीत सोय
की सोबत सीडीही दिलीय. तीच लावली.
दिवा घालवला. पाय स्टुलावर.

आणि एकोणिसाव्या मिनिटाला
मी उठलो.
गुडघे कुरकुरले, हात पुढे झाला.
उलटायला काहीच नव्हतं.
गाणं माझ्या बाजूनं तसंच पुढे निघालं,
न थांबता,
आणि मी खोलीच्या मध्यावर उभा,
खिशात हात घालून, जणू तिकीट चाचपतोय.