पाच की सहा

पोल नंबर सत्तेचाळीस, नेर फीडर,
खाली दादर कमरेला लागलेली
आणि वर क्रॉस आर्मवर तो.
मी मोटारसायकल बंद करत नाही.
इंजिन थांबलं की उडतो, हे तीन हिवाळ्यांत शिकलो.

कॅमेरा सेकंडहँड. कुसुंब्याच्या हिलाल फोटोवाल्याने
ड्रोन घेतला तेव्हा हा मला दिला.
त्याच्या कार्डात एक नवरी राहून गेली होती,
हळदीने डोळे मिटलेली. ती मी पुसली नाही.
तिच्यानंतर थेट शिक्रा आहे.
म्हणजे मला वाटतं, शिक्रा.

कापशी ओळखायला काही लागत नाही.
लाल डोळा, खांद्यावर काजळ,
हवेत एका जागी पाय सोडून थरथरते,
जणू तिलाही खाली शिडी धरणारं कुणी हवं.
तिसा आळशी. पांढऱ्या डोळ्याने बाभळीवर दुपार काढतो.
भोवत्या शेतावरून असा जातो
की कुणी इस्त्री फिरवतंय.
अडतं ते या दोघांपाशी,
शिक्रा आणि चिमणमार.
एकाच्या गळ्यावर मधोमध रेघ, दुसऱ्याच्या नाही,
पण लाइनमनला गळा दाखवतो कोण?
राहिली पंखांची टोकं. उडताना बोटांसारखी फाकतात.
पाच असली तर शिक्रा, इथलाच, नाल्यातल्या लिंबावर घरटं.
सहा असली तर चिमणमार,
बर्फाकडून आलेला, उन्हं तापायच्या आत परतणारा.

माझ्याकडे एकशे बारा फोटो आहेत.
पंधरांत शेपूट, चाळिसांत नुसतं आभाळ,
बाकीच्यांत बोटं एकमेकांत मिसळलेली,
भाकरी थापणाऱ्या हाताची मोजावीत तशी.

केवळबाई ठेलारीण मेंढ्या घेऊन पोलाखाली येते.
“काय देखी राह्यना भाऊ, लाइट गयी का?”
“लाइट शे. पाखरू देखस.”
“हाऊ? हाऊ तं रोज येस.”
“कोनता शे, सांग.”
ती डोळ्यांवर हात धरते, वर बघते, बराच वेळ.
“उपाशी शे,” म्हणते,
आणि मेंढ्यांमागे जाते.

जानेवारीत, पहाटे सव्वापाचला, फीडर ट्रिप.
गव्हाला पाणी चालू, माझ्या फोनवर फोन.
परमिट घेतलं, डिस्चार्ज रॉड लावला,
वस्तीच्या डीपीखाली टॉर्च फिरवला.
तिथे पडलेला.
एका पंखाला केस जळाल्याचा वास,
दुसरा जसाच्या तसा.
मी हातमोजा काढला.
पंख उघडला. कुठे अडला नाही,
घडीची चटई उघडावी तसा आला.
टॉर्च दातांत धरून मोजलं.
एक दोन तीन चार पाच
सहा.
पुन्हा मोजलं.
गळ्यावर रेघ नव्हती. पोटावर तपकिरी आडव्या ओळी,
वहीत असतात तितक्या सरळ.
कॅमेरा डिकीत होता. काढला नाही.

जंपरवर पाइप चढवला. या डीपीवर तो
आधीच असायला हवा होता, हे मलाच ठाऊक.
सहा वीसला लाइन चार्ज केली
आणि शिवारभर मोटारी एकदम बोलल्या.

सबस्टेशनच्या रजिस्टरात, ट्रिपिंगचं कारण या रकान्यात,
मी लिहिलं: चिमणमार ससाणा, मादी, सहा बोटं.
साहेबांनी खोडलं. वर लिहिलं: पक्षी.
साहेबांचं चुकलं नाही. रकाना अरुंद आहे.

आज सत्तेचाळीसवर पुन्हा कुणीतरी बसलंय.
इंजिन चालू, एक पाय जमिनीवर,
आणि इंजिनाची थरथर हातात येऊ नये
म्हणून श्वास धरलेला.
झुकलं. पंख उघडले. बटण दाबलं.

स्क्रीनवर बघतो तर तार.
फक्त तार, मधोमध,
नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी हललेली.
ही कुठल्या पोलची, किती ताणाची, कुठे सांधलेली,
मी झोपेतही सांगेन.