एक बिल्ला जास्त

शनिवारी रात्री बातम्या संपल्या की
रेडिओवरचा माणूस म्हणायचा, रेकॉर्डर तयार ठेवा,
आणि मग चार मिनिटं नुसती किंचाळी.
पत्र्यावर खिळा ओढावा तशी,
मधेच उकळत्या किटलीसारखी.
बाबा रेडिओला थापट्या मारायचे. शेजारचं कुत्रं रडायचं.
मी श्वास रोखून लाल बटण दाबून धरायचे.
सत्त्याऐंशी साल, त्र्बोव्ल्ये गाव, वय अकरा,
आणि त्या किंचाळीत एक अख्खी खाण होती.

आजच्या पोरांना हे सांगितलं तर हसतात.
भूत हवेतून यायचं, आणि आम्ही त्याला
साठ मिनिटांच्या कॅसेटवर धरून ठेवायचो,
आईच्या अकॉर्डियनच्या गाण्यांवरून.
दुसऱ्या बाजूला अर्धा पोल्का अजून शिल्लक आहे.

खेळाचं नाव 'रात्रपाळी'.
चित्र एकही नाही. काळा पडदा, पांढरी अक्षरं:

तुम्ही दिवेखोलीत आहात.
खाली एकतीस उतरले. एकतीस वर आले.
खिळ्यावर एक बिल्ला अजून लटकतो आहे.

बस्स. एवढंच.
रक्त नाही, दात नाहीत, संगीत तर नाहीच.
तुम्ही टाइप करायचं, दिवा घे. खाली जा.
आणि प्रत्येक वळणावर खेळ, मुनीमजीसारखा,
थंडपणे हिशेब मांडायचा:

चाललात: चौदा पावलं.
ऐकू आली: पंधरा.

पळ टाइप केलं की ठेच लागायची.
ओरड टाइप केलं की कोणीतरी
आपल्याच आवाजात, जरा उशिरा, ओरडायचं.
चाळिसाव्या खेळीला दिवा विझायचा
आणि मरण यायचं ते दोन शब्दांचं.
'तुम्ही सापडलात.'
मी कितीतरी रात्री उशीशी पाठ लावून
भिंतीकडे तोंड न करता झोपले.

लिहिणारा त्सिरिल क्लान्शेक.
खाणीतलाच, दिवेखोलीतला, बिल्ले देणारा-घेणारा.
संगणक त्याने सीमेपलीकडून आणला होता
धुण्याच्या पावडरीच्या खोक्यात लपवून;
म्हणतात, यंत्राला वर्षभर लिंबाचा वास येत होता.
खेळ रेडिओवर एकदाच वाजला.
एका मासिकाने अर्धी ओळ दिली: ग्राफिक्स नाहीत. कंटाळवाणा.
पुढे देश मोडला, खाण मिटली,
आणि कंटाळवाण्या गोष्टी जातात तिथे तो गेला.

या हिवाळ्यात माळा आवरताना कॅसेट निघाली.
पेन्सिलीने फीत गुंडाळली. अकराव्या प्रयत्नाला चढला.
मी आता रात्रीची परिचारिका; वॉर्डात वीस वर्षं झाली.
अंधारात कोणी कण्हलं तर पळायचं नसतं
हे मला आता ठाऊक आहे.
म्हणून दिवा विझला तेव्हा टाइप केलं: बस.

तुम्ही बसता. तोही बसतो.

छत्तीस वर्षांत हे वाक्य कुणी पाहिलं असेल, मला माहीत नाही.
हात गार पडले. लिहिलं: नाव विचार.

तो म्हणतो, विसरलो. तुम्ही सांगा.

आणि खाली चौकोनी ठिपका, लुकलुकत.
मी 'त्सिरिल' टाकलं.
तो म्हणतो, त्सिरिल तर वर आहे. मोजतो आहे.

त्याची बायको येरित्सा अजून चौथ्या मजल्यावर राहते.
खाण बंद झाल्यावरही तो, म्हणाली,
झोपण्याआधी घरातले चमचे दोनदा मोजायचा.
एकदा मोजणी चुकली होती का, मी विचारलं.
तिने कॉफी ओतली. बराच वेळ ओतली.
साखर किती, म्हणाली.

खेळा तो. कॅसेटच्या प्रती मी करून देते,
पोल्क्यासकट.
घाबरवण्यासाठी ढीगभर राक्षस लागत नाहीत,
एका हिशेबनिसाची झोप उडालेली पुरते.
फक्त शेवटी नाव विचारलं
तर स्वतःचं देऊ नका.
मी दिलं होतं, काल, पहाटे तीनला.

चाललात: शून्य.
ऐकू आली: एक.

फ्रिज होता बहुतेक.