साताच्या पोटातली रेघ

भोसरीत गुरुवारी कारखाने बंद.
शुक्रवारी सकाळी मी पेटी उघडते.
किल्ली माझ्या स्कूटरच्या जुडग्यात,
घरच्या कपाटाच्या किल्लीला खेटून.
पेटीवर लिहिलंय: निर्भयपणे सांगा.
त्यातला रफार कुणीतरी नखाने खरवडून काढलाय.

सहा वर्षांत आतून निघालं ते असं:
आमटी पातळ. आमटी पातळ.
दुसऱ्या पाळीची बस लांडेवाडीला थांबतच नाही.
तंबाखूची रिकामी पुडी.
पॅकिंगमधल्या कुणा रेहानासाठी एक शेर,
तो मी फाइलला लावला नाही, पर्समध्ये ठेवला.
पुढे तिला दिला की नाही
ते इथे सांगणार नाही.
गोपनीयता.

आणि परवा, चौकटीच्या वहीतल्या कागदावर,
डाव्या हाताने:
"बॅच 317. कडकपणा तपासलाच नाही.
आकडे सोमवारीच लिहून झाले होते,
माल भट्टीतून निघाला बुधवारी."

अक्षर पहिलीतल्या पोराचं,
वेलांट्या कलंडलेल्या, उकार खाली लोंबतायत.
पण तो सात.
इंग्रजी सात, पोटात आडवी रेघ.
हात बदलला तरी रेघ राहिली.
अशी रेघ सबंध प्लांटमध्ये एकच माणूस मारतो:
सुदाम तिकोने, हीट ट्रीटमेंट.
अठ्ठ्याण्णव साली मशीन बसवायला जर्मन आला होता,
त्याच्याकडून याने दोन गोष्टी उचलल्या,
ही रेघ आणि कोरा चहा.

बेहेरे साहेबांनी चिठ्ठी उजेडाला धरली.
"कोण आहे हो हा? नाही, सत्कार करू म्हणतो."
सत्कार.
मागच्या वेळी सत्कार झालेला माणूस
हल्ली रांजणगावच्या गोदामात खोकी मोजतो.
शाल मात्र चांगली होती.

फॉर्मवर रकाना आहे, तक्रारदार: ज्ञात / अज्ञात.
फॉर्म मीच केलाय.
प्रशिक्षणही मीच देते, चाळीस स्लाइड,
शेवटी दहा प्रश्न, आठ बरोबर आले की प्रमाणपत्र.
सहावा प्रश्न: खोटी नोंद कशाला म्हणतात?
चारही पर्याय मला पाठ.

अज्ञातवर खूण केली.
पेन उमटेना,
दोनदा गिरवावी लागली.

मग खाली गेले. ट्रक गेटला लागलेला,
ड्रायव्हर नाशिक फाट्यावरच्या कोंडीला शिव्या देत होता.
ब्रेकच्या बारा पिना कुठल्याही खोक्यातून उचलल्या,
म्हटलं, लावा टेस्टरला, माझ्यासमोर.
हिऱ्याचं टोक पोलादावर टेकतं,
आवाज होतो की नाही तेही कळत नाही.
काटा फिरतो, थांबतो.
नऊ ठीक.
तीन मऊ.
तीन म्हणजे किती, हे मी स्लाइडवर टक्क्यांत सांगते.
तिथे उभी असताना मला कात्रजचा उतार दिसला,
पुढे टेम्पो, टेम्पोत मागे बसलेली माणसं,
आणि मी तिघांपर्यंतही मोजू शकले नाही.

ट्रक रिकामा गेला.
बेहेरे साहेब मला ताई म्हणायचे,
आता मॅडम म्हणतात.

तिकोने जिन्यात भेटला, नजर माझ्या चपलांवर.
"जेवलात?"
"हो. आमटी पातळ होती."
"असते," म्हणाला, आणि उतरून गेला.

त्या रात्री वीजबिलाच्या पाठीवर
मी सात काढत बसले. पंधरा-वीस काढले असतील.
सोमवारपासून रजिस्टरात, गेटपासवर, रजेच्या अर्जावर,
माझ्या प्रत्येक साताला रेघ.
पहिले दोन-चार तिरके गेले.

कँटीनचा विलास म्हणाला, हे काय नवीन?
म्हटलं, एक आणि सात यांत गोंधळ होत नाही,
तूही मारत जा.
त्याने कानामागचं पेन काढलं,
सत्तावीस नंबरच्या कुपनावर मारून पाहिली.
छान आली.