दुसरं गहाण

घर नाही घेतलं मी.
घर घ्यायला पैसा लागतो.
मी घेतला एक कागद,
टोलेडोच्या पूर्वेकडच्या एका घरावरचा,
तोही दुसऱ्या नंबरचा:
पहिलं गहाण बँकेचं, आधी तिचं पोट भरायचं,
मग उरलंसुरलं माझं.

येणं एकतीस हजार.
किंमत सव्वीसशे.
डॉलरला आठ सेंट, विकणारा फोनवर म्हणाला,
संध्याकाळी शिळा पाव विकतात
त्या आवाजात.

सव्वीसशेतले पंधराशे माझे,
काचकारखान्यातल्या रात्रपाळीचे.
अकराशे व्हर्लीनचे, बहिणीचे;
चर्चच्या बायकांबरोबर ती समुद्र बघायला जाणार होती.
"बुडाले तर?"
मी म्हटलं, समुद्रातही बुडतातच की.
ती हसली नाही.
पाकीट मात्र दिलं.

मग कागदपत्रं आली.
वचनचिठ्ठी, तिला स्टेपल केलेली पुरवणी,
बँकेनं कंपनीला, कंपनीनं दुसऱ्या कंपनीला,
तिनं त्या फोनवरच्या माणसाला,
त्यानं मला: ओडेल टिन्सली, हक्कदार.
आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी
निळ्या शाईत एक बाई,
रमोना शिमचाक.
आडनावाच्या शेपटीला तिनं एक गिरकी दिलेली,
आनंदात देतात तशी.

घर बाहेरून बघ, दार वाजवू नकोस, असं शिकवलेलं.
रविवारी समोर गाडी लावून बसलो,
हीटर बंद, पेट्रोल वाचवायला.
छत ठीक. पन्हळ एका बाजूनं लोंबतेय.
पायऱ्यांवरचा बर्फ खरवडून
वर मीठ टाकलेलं.
वहीत लिहिलं: राहतं घर.
खाली लिहिलं: मीठ.
घर सोडून जायचंय त्याला
पायऱ्यांची कसली फिकीर?

सावकार म्हणतात माझ्यासारख्याला.
त्या शब्दाला ढेरी असते.
माझ्या पट्ट्याला गेल्या महिन्यात
खिळ्यानं नवं भोक पाडलंय.

हप्ते गोळा करणारी कंपनी महिना पंचवीस घेते.
तिच्यामार्फत पत्र गेलं.
नवव्या दिवशी बाईचाच फोन.
"तुम्ही कितवे?"
"चौथा."
"आधीचे ओरडायचे. तुम्ही काय करता?"
मी म्हटलं, काच. गाड्यांच्या काचा.
"कितीला घेतलात मला?"

हे सांगायचं नसतं. पहिलाच नियम.
मी गप्प राहिलो,
पण जरा जास्तच वेळ राहिलो.
"म्हणजे तीन हजारांच्या आत," ती म्हणाली,
"चौतीस वर्षं भंगाराच्या यार्डात
वजनकाट्यावर बसतेय मी."

महिना नव्वद, तीन वर्षं, ती म्हणाली.
एकशे चाळीस, पाच वर्षं, मी म्हटलं.
मागे तिच्याकडे कुकरसारखं काहीतरी फुसफुसत होतं,
माझ्याकडे व्हर्लीन, दाराला टेकून,
बोटांवर हिशोब करत.
एकशे पंचवीस, चार वर्षं.
मग कागद रद्द.

"आणि ते एकतीस हजार?"
मीच विचारलं, का कोण जाणे.
"ते कधी होतेच कुठे?"
तिनं फोन ठेवला.

एप्रिलच्या पाच तारखेला पहिला हप्ता.
कंपनीचे पंचवीस वजा जाता शंभर.
त्यातले व्हर्लीनचे बेचाळीस, आणि काही सेंट
ज्यांवरून आम्ही दोघं अर्धा तास भांडलो.
तिनं ते कॉफीच्या डब्यात टाकले.
डबा वाजवून पाहिला.
समुद्राचं नाव काढलं नाही.

मे महिन्यात त्या रस्त्यानं गेलो, मुद्दाम नाही,
म्हणजे थोडं मुद्दामच.
पायऱ्यांवर कुंड्या.
पन्हळ तशीच लोंबतेय.
माझ्या गाडीत शिडी नव्हती.
असती तरी,
कागदात तसं काही लिहिलेलं नाही.
पुन्हा एकदा वाचून पाहिला.
नाही.